हात न लावता

हॉलच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं : सुई नाही, रक्त नाही, स्पर्श नाही. करुणा गमरे पहिले दोन शब्द वाचून आत जाणार होती, पण तिसऱ्यापाशी अडकली. मागून येणाऱ्या योगिनी मॅडमनी तिच्या पाठीला हात लावून ढकललं. "चला हो, उभ्या काय राहिलात? हात न लावता तपासतात म्हणे. किती बरं ना!" आणि हसत पुढे गेल्या. किती बरं. करुणाला त्या हसण्याचा राग आला, आणि राग आला याचाही राग आला, कारण कागद लिहिणाऱ्याच्या मनात काही नसणार हे तिला कळत होतं. मधुमेहाच्या शिबिराची जाहिरात होती ती. शाळेच्या संस्थेने शिक्षकांसाठी ठेवलेलं शिबिर, शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर. न येण्याची सोय नव्हती म्हणून सगळे आले होते. पण तिसरा शब्द कागदावरून उतरून तिच्याबरोबर आत आला आणि शेजारी बसला.

हॉलच्या खिडक्या बंद होत्या आणि पंखेही. वाऱ्याने तळव्यांचं तापमान बदलतं म्हणे. ऑक्टोबरची काहिली, त्यात भिंतीपर्यंत कोंडलेली माणसं, आणि सगळ्यांनी चपला काढून पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेले. करुणाने असे ओळीने मांडलेले पाय कधी पाहिले नव्हते. वर्षानुवर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलेली माणसं, त्यांच्या सह्या, त्यांच्या डब्यातला वास, त्यांचे खोकले तिला ओळखता आले असते, पण पाय नाही. योगिनी मॅडमचे पाय गोरे, मऊ, नखांना रंग लावलेला, जोडव्यांच्या खाली त्वचा जरा दबलेली. तिचे स्वतःचे पाय रुंद होते, बोटं एकमेकांपासून फटकून, टाचांना भेगा. आईचे पाय. कातळावर अनवाणी चालणाऱ्या बाईचे पाय तिला मिळाले होते आणि ती त्यांना आयुष्यभर चामड्याच्या बंद चपलांत झाकत आली होती. आता ते स्टुलावर उभे होते, गुन्हेगारासारखे, आणि समोर तिपाईवर कॅमेरा होता.

कॅमेऱ्यामागचा मुलगा तिशीचा असेल. छातीवरच्या बिल्ल्यावर "डॉ. नितेश" एवढंच. आडनाव नव्हतं. करुणाने ते लगेच टिपलं. आडनाव गाळणं ज्यांना परवडतं त्यांतला हा, तिच्या मनात आलं. तिचं आडनाव तर लोक नावाआधी वाचायचे आणि वाचून झालं की चेहऱ्याकडे एकदा नीट बघायचे. डॉ. नितेश उत्साहाने बोलत होता. शरीर उष्णता बाहेर टाकतं, ती डोळ्यांना दिसत नाही पण या कॅमेऱ्याला दिसते. मधुमेहात पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, मग तळव्यांची उष्णता नेहमीसारखी पसरत नाही. कुठे थंड पडतं, कुठे आत सूज असेल तर तापतं. दुखायच्या आधी, दिसायच्या आधी फोटोत कळतं. "हे निदान नाही हं," तो दोनदा म्हणाला, "संशय आला तर रक्ताची तपासणी करायचीच." तेवढं सोडलं तर त्याचं बोलणं एखादं खेळणं दाखवणाऱ्यासारखं होतं. एकेक जण पुढे जात होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याचे तळवे उमटत होते, लाल, पिवळे, हिरवे. योगिनी मॅडमचे तळवे पडद्यावर आले तेव्हा दोन्ही अगदी सारखे, पिकल्या आंब्याच्या दोन फोडींसारखे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पायांना टाळ्या.

करुणा पुढे गेली आणि पडदा बदलला. बोटं जवळजवळ नव्हतीच. जिथे बोटं असायला हवीत तिथे काळपट निळं काहीतरी विरत गेलं होतं, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक पांढराशुभ्र ठिपका पेटलेला. "वा!" डॉ. नितेशच्या तोंडून गेलं. मग तो वळून सगळ्यांना म्हणाला, "हे बघा, हे अगदी पुस्तकातल्यासारखं आहे. दोन पायांत फरक बघा. इथे, इथे बघा." त्याच्या हातातला लाल प्रकाशाचा ठिपका तिच्या पायाच्या चित्रावर फिरत होता. हॉलमधली माणसं पुढे झुकली. वा, तो म्हणाला होता. तिच्या पडद्यावर विरत चाललेल्या पायाला तो वा म्हणाला होता. "मॅडम, डाव्या पायाला काही लागलंय का? आणि शुगर लगेच तपासून घ्या."

"काही लागलेलं नाही," करुणा म्हणाली. "तुम्ही हात लावून बघा ना."

"गरजच नाही मॅडम!" तो हसला. "तीच तर याची गंमत आहे."

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. करुणाने चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर आली. तिच्यामागे तो काहीतरी बोलत होता, तुम्ही येऊन भेटा, दुर्लक्ष करू नका, असं काहीसं. तिला ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं तर तो डॉक्टर झाला असता. तिला तो फक्त हसणारा माणूस म्हणून हवा होता.

नाचणे भागातल्या आपल्या घरी जायला ती रिक्षात बसली आणि लहानपणची हेदवीकडची ती संध्याकाळ तिच्या समोर येऊन उभी राहिली, जशी ती कितीतरी वर्षं, न बोलावता, कधीही येत असे. वाडीच्या कडेचा गडगा, चिऱ्याच्या दगडांचा, कमरेएवढा. पलीकडे मोटारसायकल उभी करून डॉक्टर. अलीकडे आई, येसूबाई, एका हाताने करुणाच्या खांद्याचा आधार घेऊन. आईच्या पायाच्या बोटाला जखम झाली होती आणि ती बरी होत नव्हती. डॉक्टर बोलावणं म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट. तो आला, पण गडग्याच्या आत आला नाही. "पाय वर कर," तो म्हणाला. आईने दुखरा पाय उचलून गडग्यावर ठेवला, लुगडं सावरत, तोल सांभाळत. त्याने खिशातली टॉर्च काढली आणि लांबूनच तिच्या पायावर प्रकाश टाकला. किती वेळ? फार नाही. प्रकाश बोटांवरून फिरला, काळ्या पडलेल्या भागावर क्षणभर थांबला आणि विझला. खरूज आहे म्हणाला. पावडरची पुडी त्याने गडग्याच्या दगडावर ठेवली, आईच्या पायाच्या बाजूला, आणि आईने ती उचलेपर्यंत थांबलासुद्धा नाही. रात्री शेजारणींनी विचारलं, काय म्हणाला? आई म्हणाली, "बघितलान. लय लांबून बघितलान. डोळं चांगलं हायत त्याचं." बायका हसल्या. आईही हसली. पुढे पावसाळा संपता संपता चिपळूणला आईचा पाय गुडघ्याखाली कापला. तिथल्या डॉक्टरने विचारलं होतं, साखर आहे हे कधी कुणी सांगितलं नाही? आईला वाटलं तो डब्यातल्या साखरेबद्दल विचारतोय. ती म्हणाली, आमी गुळाचा चहा पितो.

रिक्षा साळवी स्टॉपच्या चढाला लागली तेव्हा फोन वाजला. शाळेचा ग्रुप. संस्थेच्या ऑफिसमधून शिबिराचे फोटो आले होते, डॉक्टरने पाठवलेले, आणि त्यातला एक योगिनी मॅडमनी वेगळा काढून परत टाकला होता. विरलेली निळी बोटं, पांढरा ठिपका. खाली लिहिलं होतं : ओळखा पाहू कुणाचे पाय? आमच्या गमरे मॅडम किती कूल आहेत! आणि हसणारी तोंडं. त्याखाली आणखी हसणारी तोंडं, एकेक करून उगवत होती. करुणा ते बघत बसली. तिच्या पायांना तिने स्वतःदेखील इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. आता ते अख्ख्या शाळेच्या खिशात होते. रिक्षावाला थांबून तिच्याकडे वळून बघत होता, घर केव्हाच आलं होतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये योगिनी मॅडम वह्या तपासत होत्या. करुणा त्यांच्यासमोर उभी राहिली. "तो फोटो काढून टाका."

"कुठला? अगं बाई, तो होय! गंमत केली हो."

"माझ्या पायांची?"

"नुसते रंग तर आहेत. कुणाला काय कळतंय त्यात?"

"नाव घालून विचारलंत तुम्ही, कुणाचे पाय म्हणून."

योगिनी मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "करुणा, इतकी वर्षं आपण एकत्र डबा खातो. साधी मस्करी. पण तुम्हां लोकांना ना प्रत्येक गोष्टीत..." आणि त्या थांबल्या. वाक्य तिथेच टेबलावर पडून राहिलं. दोघींनी त्याकडे पाहिलं. पलीकडे बसलेले चित्रकलेचे सर उठून खिडकीपाशी गेले आणि मैदानाकडे बघू लागले. एकत्र खाल्लेल्या डब्यांत हे वाक्य कुठे ठेवलेलं होतं, करुणाला वाटलं, माझ्या सुकटीच्या चटणीची तारीफ करताना ते कुठल्या कप्प्यात होतं? "बोला ना पुढे," ती म्हणाली. योगिनी मॅडमनी फोन उचलला, फोटो काढून टाकला, आणि फोन उलटा ठेवला. "झालं समाधान?" झालं नव्हतं. समाधान हा शब्दच करुणाला त्या क्षणी शिवीसारखा वाटला. तास सुरू झाला, तिने फळ्यावर त्रिकोण काढला आणि दोन बाजू समान असं लिहिताना तिला पडद्यावरच्या सारख्या तळव्यांना पडलेल्या त्या टाळ्या ऐकू आल्या. घशाला कोरड पडली. हल्ली सारखी पडत होती. बाटलीतलं पाणी तिने मुलांसमोरच उभ्याने संपवलं.

घरी तिने नवऱ्याला, राकेशला, काही सांगितलं नाही. राकेश एस.टी.च्या डेपोत होता, शांत माणूस, भांडण दिसलं की बाजारात जाणारा. त्याच्या शांतपणाचाही तिला त्या आठवड्यात राग येत होता. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे गो, त्या बाईच्या कुठे तोंडाला लागतेस. जाऊ दे हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं औषध होतं, गडग्यावर ठेवलेल्या पुडीसारखं. ती बोलत नव्हती, भाकऱ्या जोरात थापत होती, बादल्या आपटत होती. गुरुवारी ती ओट्यापाशी सोलकढी करत असताना राकेश दारातून म्हणाला, "आगळ सांडलंस काय गो? सगळीकडे लागलंय बघ."

तिने खाली पाहिलं. पांढऱ्या लादीवर लालसर डाग होते, ओट्यापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून बेसिनपर्यंत, आणि परत. कोकमाच्या आगळासारखेच. पण डागांच्या मध्ये अंतर होतं, सारखं, एका पावलाएवढं. ती जिथे उभी होती तिथे तिच्या डाव्या पायाखालून एक डाग बाहेर डोकावत होता. राकेश पटकन पुढे आला आणि गुडघ्यांवर बसला. "बघू, बघू इकडे."

"हात लावू नका!"

तिचा आवाज इतका मोठा होता की तो तसाच खाली बसून राहिला, हात अर्धवट पुढे केलेले. ती भिंत धरून न्हाणीघरात गेली, दाराला कडी लावली आणि तोंड बघायचा छोटा आरसा तळव्याखाली धरला. अंगठ्याखालच्या जाड घट्ट्याला चीर गेली होती आणि आतलं मांस ओलं, फिकट, भलतंच जिवंत दिसत होतं. त्यात काहीतरी करडं चमकत होतं. गेल्या महिन्यात ती वर्गातल्या मुलांना घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेली होती, चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून चालली होती. कालवाची शिंप असेल. ती शिंप घेऊन ती तेव्हापासून चालत होती, जिने चढत होती, फळ्यासमोर उभी राहत होती. तिने बोटाने जखमेच्या कडेला दाबलं. बोटाला कळलं, पायाला कळलं नाही. तिने आणखी जोरात दाबलं. आरशात एका बाईचं बोट कुणाच्या तरी पायात रुतत होतं. भीती यायला हवी होती, आणि ती आलीही, पण तिच्याआधी संताप आला. पांढरा ठिपका इथेच होता. नेमका इथे. तो हसणारा, आडनाव नसलेला, वा म्हणणारा पोरगा बरोबर होता. लांबून बघूनसुद्धा बरोबर होता. आईचा डॉक्टर चुकला होता तेव्हा निदान गोष्ट सरळ होती. त्याचा द्वेष करता येत होता, मन लावून, आयुष्यभर. याचं काय करायचं?

राकेशने पट्टी बांधायचं सामान दाराबाहेर ठेवलं होतं. ती त्याच्याशी न बोलता बाहेर पडली. मारुती मंदिराजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डॉ. नितेशचा दवाखाना होता. बाहेर बसलेल्यांना ओलांडून ती सरळ आत गेली. तो एकटाच होता, संगणकासमोर चहा पीत.

"माझ्या पायांचे फोटो शाळेला कुणाला विचारून पाठवलेत? ग्रुपवर टाकून हसले सगळे."

त्याने कप ठेवला. त्याला ती ओळखू आली असावी, चेहऱ्यावरून की पायांवरून कोण जाणे. "मॅडम, संस्थेने अहवालासाठी मागितले होते. नाव नव्हतं त्यांच्यावर."

"पाय माझे होते."

"मान्य आहे. पण पुढे ग्रुपवर टाकणाऱ्या..."

"आणि मी हात लावून बघा म्हटलं तर हसलात."

"मी तुम्हाला हसलो नव्हतो."

"मग कुणाला?"

त्याचाही आवाज चढला. "मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, डाव्या पायाला बघा, शुगर बघा. तुम्ही ऐकलंत? भांडायला आज आलात. सांगितलं होतं तेव्हा आला असतात तर..." बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. घाईत बांधलेली पट्टी चपलेबाहेर आली होती आणि ओली झाली होती. त्याचं वाक्य राहिलं. "बसा," तो म्हणाला. ती बसली नाही. "मॅडम, कृपा करून बसा. नंतर पाहिजे तेवढं बोला."

ती बसली, कारण पाय आता भरवशाचा राहिला नव्हता. त्याने बोटाला टोचून साखर पाहिली आणि यंत्र तिच्यासमोर धरलं. आकडा बघून तिला काही विचारावं लागलं नाही. मग त्याने हातमोजे चढवले. तिने त्या मोज्यांकडे अशा नजरेने पाहिलं की तो म्हणाला, "उघडी जखम आहे. तुम्हाला काही होऊ नये म्हणून." तिने विश्वास ठेवला नाही. तो खाली वाकून काम करत राहिला, तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन, आणि थोड्या वेळाने चिमट्यातून काहीतरी भांड्यात पडलं, टिंग असा आवाज झाला. कालवाच्या शिंपेचा तुकडा, नखाएवढा. तिला दुखलं नव्हतं. सुन्न करायचं औषध लावलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. "औषध काही लावलेलं नाही," तो वर न बघता म्हणाला, जणू तिने मोठ्याने विचारलं होतं. त्याने जखम धुतली, नवी पट्टी बांधली, मोजे काढून टाकले आणि बेसिनवर हात धुऊन परत येऊन बसला.

"आता डोळे मिटा. मी पायाच्या बोटांना हात लावणार आहे, एकेका. लागला की लगेच सांगा."

तिने डोळे मिटले. बाहेर रिक्षा वळत होत्या, कुणीतरी खालून वर हाक मारत होतं. ती वाट बघू लागली. काही झालं नाही. मिटलेल्या डोळ्यांमागे गडगा आला, चिऱ्याचे दगड, त्यावर ठेवलेला पाय, आणि पलीकडे उभा असलेला माणूस, टॉर्च हातात धरून. तोच. तसाच. हात धुतले, म्हणजे झालं? आता डोळे मिटायला सांगून हा बसला आहे, लांब, आणि मी इथे पाय पुढे करून. आई किती वेळ तोल सांभाळत उभी होती! राग वर येऊ लागला, ओळखीचा, जवळजवळ प्रेमाचा, इतक्या वर्षांचा.

"लावा ना हात," ती दात आवळून म्हणाली. "लावायचाय ना? मग लावा."

"लावलाय," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. त्याचं उघडं बोट तिच्या अंगठ्यावर होतं. नुसतं टेकलेलं नव्हतं, दाबलेलं होतं, इतकं की भोवतीची कातडी पांढरी पडली होती.

"केव्हापासून?"

"तुम्ही डोळे मिटलेत तेव्हापासून." त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर तिने शोधला. नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच तिशीच्या मुलाचा दिसत होता, घाबरलेला. ती त्या बोटाकडे बघत राहिली. एक माणूस तिच्या पायाला हात लावत होता आणि तिला ते फक्त दिसत होतं. आरडाओरडा करण्यासारखं होतं, पण कुणावर करायचा ते तिला समजेना. राकेशचे अर्धवट पुढे केलेले हात तिला आठवले, आणि तिने ते लगेच बाजूला सारले.

"उजवा बघा," ती म्हणाली.

"डोळे मिटा."

तिने मिटले. पुन्हा तोच अंधार, पण या वेळी तिने गडग्याला आत येऊ दिलं नाही. उजव्या पायावर तिने सगळं लक्ष गोळा केलं, दारावर कान लावावा तसं. अंगठा. काही नाही, की त्याने अजून लावलाच नाही? मधलं बोट. काही नाही. आणि मग करंगळीच्या टोकाला काहीतरी टेकलं. गार, ओलसर, नुकतंच धुतलेलं. बोट होतं. माणसाचं बोट होतं, आणि ते कळत होतं, तिथे, तिच्या पायात, तिला. तिच्या पापण्यांखाली एकदम गरम झालं आणि तिने त्या आणखी घट्ट मिटल्या.

"आता?" डॉ. नितेशने विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही.

"मॅडम? इथे कळतंय का काही?" आवाज खाली आला होता. तो पुढे सरकला होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. "गमरे मॅडम?"

बोट तिथेच होतं. जरा वेळ वाट बघू दे त्याला, करुणाने ठरवलं, आणि ओठ मिटून बसून राहिली.